बटाट्याचं बी 'थकतं' म्हणजे नेमकं काय होतं?

गोळी_बटाटा | ४ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी,

कडोलीला आमची थोडी शेती आहे. मी बेळगावात नोकरी करतो. शनिवार-रविवार शेतात, बाकी दिवस आबा बघतात. माघात भाताच्या रानातला बटाटा काढला, त्यातली गोळी, म्हणजे बारीक बटाटा, आबांनी बी म्हणून राखली. पंजाबातल्या जालंधरहून येणाऱ्या बियाच्या पोत्याचा दर ऐकून त्यांनी कानाला हात लावले होते, एवढंच कारण. जूनच्या पहिल्या पावसावर माळावरच्या तांबड्या रानात चार सऱ्या विकतच्या बियाच्या आणि चार सऱ्या घरच्या बियाच्या लावल्या. रान, खत, दिवस सगळं एकच.

आज महिना उलटला. विकतचं मांडीला लागतंय. घरचं खुजं, पानं सुरकुतलेली, हिरव्यात पिवळट चट्टे, काही झाडं तर चिमटीत धरून चुरगाळल्यासारखी. शेजारचे मामा बांधावर उभं राहून एकच वाक्य बोलले, "बी थकलं की रे. दोन पिकं झाली की थकतंय."

हे मी लहानपणापासून ऐकतोय. खरं थकतं म्हणजे काय? माणूस थकतो, बैल थकतो. बटाटा काय नांगराला जुंपला होता? आणि घरचं भाताचं बी आज्जीच्या वेळेपासून चालत आलंय, ते कसं थकत नाही?

कुंदा_प्रेमी | ४ जुलै, रात्री १०.१५

आमच्या टिळकवाडीत रविवारी संध्याकाळी मी असाच दिसतो. खुजा, पिवळट, चुरगाळलेला. मलाही बदलून जालंधरहून नवीन आणावं असं बायको म्हणते.

निवृत्त_मास्तर | ५ जुलै, सकाळी ६.४०

विनोद राहू द्या. आमचे वडील सांगायचे, एकाच जमिनीत तेच बी वारंवार घातलं की जमीन त्याला ओळखायला लागते, मग ती त्याला अंग देत नाही. म्हणून डोंगराकडचं बी मळ्याला आणि मळ्याचं माळाला, अशी अदलाबदल असे. शास्त्र माहीत नाही, पण अनुभव खोटा नव्हता.

फवारणी_किंग | ५ जुलै, सकाळी ९.०५

फोटो न बघताच सांगतो, हा रसशोषक किडीचा प्रकार. मावा, तुडतुडे. आंतरप्रवाही औषधाचे दोन हात मारा आठवड्याच्या अंतरानं, शेंडा सरळ होतोय की नाही बघा. वीस वर्षं दुकान चालवतोय, असली शंभर प्रकरणं बघितली. बी थकलं वगैरे जुन्या लोकांच्या गप्पा.

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, दुपारी २.३०

मी मूळचा हुक्केरी तालुक्यातला, पोटापाण्याला वनस्पतिरोगशास्त्र. त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मामांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर, फक्त शब्द वेगळा हवा. बी थकलेलं नाही, ते आजारी आहे. भाताचा दाणा म्हणजे फुलातून, परागातून तयार झालेलं नवं बाळ. बहुतेक विषाणूंना आईकडून या बाळात शिरता येत नाही. बटाट्याचं 'बी' मात्र बीच नव्हे. तो खोडाचा फुगलेला तुकडा, म्हणजे आईचाच हात कापून रोवल्यासारखं. झाडात जे काही शिरलं असेल ते सगळं कंदात उतरतं आणि पुढच्या पिकाला पहिल्या कोंबापासून लागू होतं. पहिल्या वर्षी शंभरात पाच झाडं आजारी, त्यांच्यावरून मावा शेजारच्या झाडांवर जातो, दुसऱ्या वर्षी पोत्यातले चाळीस कंद आजारी. यालाच आपण थकणं म्हणतो.

हा समज फक्त आपला नाही. १७७० च्या दशकात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये बटाट्याची पानं आकसण्याचा असाच उपद्रव झाला होता. तिथले शहाणे लोकही म्हणायचे, वाण म्हातारा झाला. त्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या, कारण मात्र कळलं नव्हतं. एक, स्कॉटलंडच्या थंड, वाऱ्याच्या उंच भागातलं बेणं आणलं की पीक पुन्हा तरारतं. दोन, बटाट्याच्या फळातल्या खऱ्या बियांपासून रोप केलं की तेही निरोगी निघतं. पहिल्याचं कारण, थंडीवाऱ्यात मावा कमी. दुसऱ्याचं वर सांगितलंच. मास्तरांच्या वडिलांची डोंगर-मळा अदलाबदल याच जातीची.

विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे १९३१ मध्ये केंब्रिजच्या केनेथ स्मिथ यांनी आजारी बटाट्यातून दोन वेगळे विषाणू ओळखले. एक माव्यामार्फत जायचा, दुसरा जात नव्हता. नावं ठेवताना त्यांनी फार डोकं चालवलं नाही, एकाला एक्स आणि दुसऱ्याला वाय. मावा ज्याला नेतो तो वाय. तुमच्या सऱ्यांत बहुधा हेच महाशय आहेत.

कुंदा_प्रेमी | ५ जुलै, दुपारी २.५२

थांबा. मावा म्हणजे कुंद्याला लागतो तो, पानपट्टीवर चोळून देतात तो, की हा तिसरा?

तंबाखूची_वखार | ५ जुलै, दुपारी ३.२०

@कुंदा_प्रेमी, चोळायचा मावा पण रोग पसरवतो बरं का. टोमॅटोच्या रोपाला हात लावायच्या आधी हात धुवा म्हणून आमच्याकडं कृषी खात्याचा माणूस सांगून गेला होता. तंबाखूतला विषाणू बोटाला चिकटून टोमॅटो-मिरचीवर जातो म्हणे. आम्ही निपाणीकर हसलो होतो त्याला.

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, दुपारी ४.१०

हसू नका, तो माणूस बरोबर होता. तो विषाणू वेगळा, टोबॅको मोझॅक. जगात सगळ्यात आधी सापडलेला विषाणू तोच. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्हस्कींनी आजारी तंबाखूच्या पानांचा रस जिवाणूसुद्धा अडकतील अशा गाळणीतून गाळला, तरी रस रोग द्यायचाच. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंक यांनी हे जिवाणूपेक्षा निराळंच काहीतरी आहे असं ठामपणे मांडलं. तो इतका चिवट की वाळलेल्या तंबाखूतसुद्धा टिकतो. म्हणजे अख्खं विषाणूशास्त्र तुमच्या वखारीतल्या मालावर उभं आहे म्हणा ना!

गोळी_बटाटा | ५ जुलै, रात्री ८.३०

आज मुद्दाम लवकर सुटून शेतात गेलो. @सूक्ष्मदर्शी, पानं वर वळून द्रोणासारखी झालेली झाडं तीन-चार आहेत, हात लावला की पापडासारखी कडक. बाकी सगळी सुरकुतलेली आणि चट्ट्यांची. दोन्ही एकच का? आणि किंग म्हणतात तशी फवारणी केली तर?

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, रात्री ९.४५

द्रोणवाला वेगळा, त्याला लीफरोल म्हणतात. चट्टे-सुरकुत्यांचा वाय. फवारणीचं उत्तर या दोघांसाठी वेगवेगळं आहे, आणि इथेच माझं किंगसाहेबांशी पटत नाही.

लीफरोलचा विषाणू माव्याच्या पोटातून रक्तात, तिथून लाळेत असा फिरून येतो. त्याला तासन् तास लागतात. तेवढ्यात औषधानं मावा मेला तर फायदा होतो. वायचं तसं नाही. तो माव्याच्या सोंडेच्या टोकालाच चिकटतो, आणि चिकटायला विषाणूचंच एक प्रथिन डिंकाचं काम करतं. मावा एका झाडाला टोचून चव बघतो, आवडलं नाही की उडून दुसऱ्याला टोचतो. या दोन टोचण्या काही सेकंदांच्या. तुमचं औषध त्याला मारेल, पण अर्ध्या तासानं. तोवर तो पाच झाडं चाखून आलेला असतो. उलट औषधानं बेचैन झालेला मावा जास्त उड्या मारतो, असंही दिसलंय. त्यातून बटाट्यावर वस्ती करणारा मावाच लागतो असंही नाही. चाळीसहून अधिक जातींचे मावे जाता जाता हे काम करून जातात, त्यातले कितीतरी फक्त वाटसरू.

फवारणी_किंग | ५ जुलै, रात्री १०.३०

मग काय दुकान बंद करू?

सूक्ष्मदर्शी | ५ जुलै, रात्री १०.३८

नको. खनिज तेलाची फवारणी वायवर थोडी कामाची ठरते, सोंडेला विषाणू नीट चिकटत नाही. ते ठेवा. आणि लीफरोलसाठी तुमची औषधं आहेतच.

फवारणी_किंग | ५ जुलै, रात्री १०.४१

हे आधी बोलायचं की.

आजोळ_खानापूर | ६ जुलै, सकाळी ११.००

अवांतर आहे, खरं राहवत नाही. 'बटाटा' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांकडून, आणि तिथे 'बटाटा' म्हणजे रताळं! आपण रताळ्याला 'रताळं' म्हणत राहिलो आणि रताळ्याचं नाव आलूगड्ड्याला देऊन टाकलं. दोन्ही अमेरिकेची, दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात आलेली, आणि आषाढी एकादशीला दोन्ही ताटात. साता समुद्रापलीकडून आलेल्या या दोघांना उपासाला परवानगी कुणी दिली हे एकदा शोधलं पाहिजे. ज्वारी-तांदूळ पिढ्यान् पिढ्या इथले, ते मात्र बाहेर.

निवृत्त_मास्तर | ६ जुलै, सकाळी ११.२५

मिरची विसरलात. उपासाच्या बटाट्यात तीही तिकडचीच. वरती शेंगदाण्याचा कूट, तोही तिकडचा.

उचगावची_वेल | ६ जुलै, दुपारी १२.१०

रताळ्याचा विषय निघालाच आहे तर विचारते. आम्ही रताळं बियाणं म्हणून ठेवत नाही, जुन्या रानातला वेल कापून लावतो. गेली काही वर्षं गड्डे बारीक पडुलालेत, दिल्ली-मुंबईला पाठवताना व्यापारी नाक मुरडतोय. आमच्या सासूबाई म्हणतात वेल उतरला. तोच प्रकार का हा?

सूक्ष्मदर्शी | ६ जुलै, दुपारी १.००

ताई, तोच. वेलाचा तुकडा म्हणजे पण आईचाच हात. रताळ्याचे विषाणू वेगळे, त्यातले दोन एकटे-एकटे असताना फारसे दिसत नाहीत, पण एकाच वेलात जमले की पीक झोपवतात. एक मावा नेतो, दुसरा पांढरी माशी. गड्डे भरलेल्या, पानं स्वच्छ असलेल्या वेलांवर आत्ताच चिंध्या बांधून ठेवा आणि पुढच्या वर्षी फक्त त्यांचेच शेंडे घ्या. रोग पूर्ण जाणार नाही, पण घसरण थांबेल.

संकेश्वरी | ६ जुलै, दुपारी ३.४०

आमच्या मिरचीचा बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, पण हाच म्हणायचा का? संकेश्वरी जवारी मिरची लावणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. सगळे बोकड्याला कंटाळले.

सूक्ष्मदर्शी | ६ जुलै, दुपारी ४.२५

बोकड्या हे एक नाव आणि त्यामागे दोन-तीन चोर. फुलकिडे आणि कोळी यांनीही पानं वळतात, आणि पांढऱ्या माशीनं येणारा पर्णगुच्छाचा विषाणूही असतो. वाय मिरचीवर येतो, तो पानांच्या शिरांलगत गडद हिरवे पट्टे दाखवतो. बटाटा, तंबाखू, मिरची, टोमॅटो हे चौघं सख्खे भाऊबंद, एकाच कुळातले. वायला या चारही घरांत जेवण मिळतं. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. बेळगाव तालुक्यात बटाटा, संकेश्वरला मिरची, निपाणीला तंबाखू, आणि टोमॅटो तर सगळीकडे. वायनं स्वतः जिल्हा आखला असता तर असाच आखला असता.

कट्ट्यावरचा | ६ जुलै, सायंकाळी ५.०५

नकाशा म्हणालात म्हणून विचारतो, वाय महाराष्ट्रात जाणार की कर्नाटकात राहणार? निकाल कधी?

संपादक | ६ जुलै, सायंकाळी ५.३०

सीमाप्रश्नासाठी वेगळे सत्तावीस धागे आहेत. इथे बटाट्यावर बोला. यापुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.

तंबाखूची_वखार | ६ जुलै, रात्री ८.००

भाऊबंदांचं म्हणताय ते मला पटलं. आमच्याकडं काही वर्षांमागं एका रानात तंबाखूच्या पानाच्या शिराच काळ्यातपकिरी पडल्या. पान वाळवलं की शिरेवरनं तुटायचं. विडीला असला माल चालत नाही. शेजारी बटाटा होता, तो बऱ्यापैकी होता. कुणी तेव्हा बटाट्याचा संशय घेतला नाही.

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, सकाळी १०.१५

तपासल्याशिवाय तुमच्या रानातलं सांगता येणार नाही, पण याच लक्षणावरून जगात मोठं रामायण घडलंय.

वायचे प्रकार आहेत. सगळ्यात साधा तो ओ. दुसरा एन, जो तंबाखूच्या शिरा जाळतो पण बटाट्यावर मात्र सौम्य दिसतो. १९५० च्या दशकात युरोपात हा एन पसरला आणि तंबाखूवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग १९९० च्या सुमारास कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर एन सापडला. ते बेट म्हणजे बटाट्याच्या बेण्याचं कोठार, तिथली लाल माती अगदी आपल्या माळासारखी. अमेरिकेनं लगेच तिथल्या बटाट्याला दारं बंद केली. बटाटा खाऊन कुणालाही काही होत नव्हतं, भीती होती ती मुख्यतः तंबाखूची. तिथल्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर धडधाकट दिसणारा माल नष्ट झाला. (संपादक महोदय, ही कॅनडा-अमेरिकेची सीमा आहे, उडवू नका.)

लाल_दिवा | ७ जुलै, दुपारी १२.२०

एवढं सगळं वाचून मला एकच दिसतंय. शेतकऱ्यानं घरचं बी वापरू नये, दरवर्षी पोतं विकत घ्यावं. यात फायदा कुणाचा? कंपन्यांचा. भाताचं, कापसाचं बी असंच हातातून गेलं. आता बटाट्याला 'विषाणू' दाखवून घाबरवायचं. गेल्या साली आमच्या एका नातेवाइकानं दलालाकडून 'जालंधर' म्हणून घेतलेलं पोतं बाजारातला खायचा बटाटा निघालं. वर टॅग, आत कचरा. तो विषाणू कोणता?

गोळी_बटाटा | ७ जुलै, दुपारी १२.४५

तो विषाणू आमच्याकडेही आहे. त्याला सोंड नसते, खिसा असतो.

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, दुपारी २.००

@लाल_दिवा, दलालाबद्दल तुमच्या बाजूनं आहे. बाकीच्यात इतिहास थोडा वेगळा आहे.

पूर्वी असं मानलं जायचं की चांगलं बेणं फक्त हिमालयाच्या उंचीवरच होतं. पण डोंगरात जमीन किती? तिकडून देशभर बेणं पुरणार कसं? केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. तिथल्या डॉ. पुष्करनाथ यांनी मावाच मोजला. उत्तरेच्या सपाटीवर ऑक्टोबर ते डिसेंबर मावा जवळजवळ नसतो, जानेवारीत वाढतो. मग बेण्याचं पीक ऑक्टोबरात लावायचं, आजारी झाडं उपटत राहायचं, आणि शंभर पानांवर वीस मावे दिसायच्या आत पालाच कापून टाकायचा. पाला नाही तर माव्याला टोचायला जागा नाही, कंद आत सुरक्षित. या साध्या युक्तीनं पंजाब बेण्याचा प्रदेश झाला. हे काम सरकारी संस्थेचं, कुणा कंपनीचं नाही. कुफरी ज्योती, कुफरी चंद्रमुखी, कुफरी पुखराज या नावांतलं कुफरी म्हणजे सिमल्याजवळचं गाव.

आपल्याकडे ती थंडी नाही. मावा बारा महिने. म्हणून आपल्याकडे बी लवकर 'थकतं' आणि पोतं इतक्या लांबून आणावं लागतं. यावर कर्नाटकातच एक उपाय चालू आहे. हासन भागात शेंड्याचे तुकडे मुळं फोडून रोपं म्हणून देतात, ती रोगमुक्त मातृरोपांपासून केलेली असतात. त्यात बागलकोटच्या फलोत्पादन विद्यापीठाचा हात आहे. त्याच विद्यापीठाचं कॉलेज आपल्या गोकाकजवळ अरभावीला आहे. तिथे जाऊन विचारा, फुकट आहे.

निवृत्त_मास्तर | ७ जुलै, सायंकाळी ६.००

एक शंका. रोग मुळात आला कुठून? पंजाबात तरी कुणी आणला?

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, रात्री ९.२०

मास्तर, तुमच्या प्रश्नावर मी रात्रभर बोलू शकतो, बायको ओरडुलालीय म्हणून आटोपतं घेतो.

वाय ज्या गोतावळ्यातला, त्या पोटीव्हायरसांचे पूर्वज साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी, म्हणजे शेती बाळसं धरत होती त्या सुमारास फांद्या फुटून पसरले असं त्यांच्या जनुकांची तुलना करून मांडलं गेलंय. माणसानं एकाच जातीची झाडं खेटून लावायला सुरुवात केली आणि यांची दिवाळी झाली. वाय स्वतः दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या डोंगरात बटाट्याच्या कुळात रुजला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी बटाटा युरोपात नेला, त्या कंदांतून हाही गेला. युरोपातून पुढे जिथे जिथे बटाटा गेला तिथे तिथे हा. पेरू देशातून आपल्यापर्यंत मावा उडत आलेला नाही. मावा बांध ओलांडतो. समुद्र माणसानं ओलांडला, पोत्यासकट.

आता त्यातली गंमत. या विषाणूकडे जनुकांची, सुमारे ९,७०० अक्षरांची एकच पोथी. ती उतरवणारा लेखनिक बेशिस्त, चुका तपासत नाही. एका झाडात ओ आणि एन दोन्ही शिरले की हा एका पोथीवरून लिहिता लिहिता मध्येच दुसऱ्या पोथीवर सरकतो. तयार होतो तो गणपती, धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं. असा एक प्रकार १९८० च्या आसपास हंगेरीत बटाट्यावर दिसला. त्यानं पानावर फारसं काही दाखवलं नाही, पण कंदाच्या सालीवर तपकिरी कडी उमटवली. बाजारातून माल परत. दुसरा मिश्र प्रकार पोलंडच्या विल्गा नावाच्या वाणावर सापडला, म्हणून त्याचं नावच एन-विल्गा. आज जगभर पसरलेत ते मुख्यतः हे मिश्रच.

का पसरले? इथे मला जरा अस्वस्थ व्हायला होतं. बेण्याच्या शेतात माणसं रांगेनं फिरतात आणि चट्टे दिसले की झाड उपटतात. साधा ओ ठळक चट्टे देतो, म्हणून तो उपटला जातो. मिश्र प्रकार पानावर सौम्य, म्हणून तो माणसाच्या डोळ्यांतून निसटतो आणि टॅग लावून पोत्यात बसतो. शिवाय काही वाणांत ओ ला अडवणारं जनुक आहे, ते मिश्रांना अडवत नाही. अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ओ जास्त असायचा, पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिश्रांनी त्याला मागे टाकलं. आपण रोग काढत होतो असं वाटत होतं. प्रत्यक्षात न दिसणारा रोग निवडत होतो.

लाल_दिवा | ७ जुलै, रात्री १०.०५

हे मात्र पटलं. म्हणजे टॅगवर भरवसा नाही आणि डोळ्यावरही नाही.

सूक्ष्मदर्शी | ७ जुलै, रात्री १०.१२

प्रयोगशाळेच्या तपासणीवर ठेवा. डोळा पहिली चाळणी म्हणून चालतो, शेवटची म्हणून नाही.

कुंदा_प्रेमी | ८ जुलै, सकाळी ९.१५

एवढं वाचून सकाळच्या पुरी-भाजीतल्या बटाट्याकडे आदरानं बघितलं. खाल्ल्यावर मला काही होणार नाही ना?

सूक्ष्मदर्शी | ८ जुलै, सकाळी ९.४०

नाही. तो बटाटे-मिरच्यांचा विषाणू आहे, माणसात त्याला काही जमत नाही. तळण्याचं तेल बघा.

गोळी_बटाटा | १४ सप्टेंबर, रात्री १०.२०

धागा वर आणतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

तुमचं ऐकून घरच्या सऱ्यांतली वाईट दिसणारी झाडं उपटली. आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, "उभं पीक उपटतो हा!" म्हणून आईकडे कुरकुर. गेल्या आठवड्यात काढणी झाली. विकतच्या चार सऱ्यांत साडेचार पोती, त्यात गोळा आणि मोठवड बरीच. घरच्या चार सऱ्यांत जेमतेम दोन पोती, त्यातलं दीड पोतं गोळी. उपटलेली झाडं धरली तरी फरक खूप आहे. पोत्याचा दर वाचवला तो असा गेला.

मामांना मी 'थकणं' आणि 'आजार' यातला फरक समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "तेच तर मी बोललो होतो."

तंबाखूची_वखार | १४ सप्टेंबर, रात्री १०.४५

मामा जिंकले.

उचगावची_वेल | १५ सप्टेंबर, सकाळी ७.३०

मी चिंध्या बांधल्यात. सासूबाई विचारतात कुठल्या देवाचा नवस आहे.

फवारणी_किंग | १५ सप्टेंबर, सकाळी ९.२०

त्या दीड पोतं गोळीचं काय केलं? बाजारात दर नाही तिला.

गोळी_बटाटा | १५ सप्टेंबर, दुपारी १.१०

तेच सांगायचं होतं. मी कामावर होतो. मामा आले आणि आबांना म्हणाले, वाया कशाला घालवता, आमच्या पोरीला बी म्हणून देतो. आबांनी पोतं शिवून दिलं. मामांची पोरगी चंदगडकडे दिली आहे.

सूक्ष्मदर्शी | १५ सप्टेंबर, दुपारी १.१४

आत्ता फोन करा. उकडून खा म्हणावं, लावू नका.

संपादक | १५ सप्टेंबर, दुपारी १.२०

चंदगड महाराष्ट्रात आहे हे सगळ्यांना माहीत आहे. त्यावर विनोद करू नये.

गोळी_बटाटा | १५ सप्टेंबर, दुपारी १.५५

केला फोन. बी फारच छान आलं म्हणाली, कोंब फुटायची वाट बघत ठेवलंय. आणि निम्मं तिनं जावेला दिलं, जावेच्या माहेरी आजऱ्याला बटाटा लावतात.